बँकर आणि बारकं कार्ड

लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं चित्र काढणारी दोन-दोन ग्राफिक्स कार्डं असतात, ही माहिती ज्याने मला दिली त्याचं भलं होवो असं मी म्हणणार नाही. तो माणूस म्हणजे लोणावळ्याच्या बाजारातला अमृत, कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक. तसा वाईट नाही. पण मोबाइलच्या कव्हरापासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं विकणारा माणूस कशाबद्दलच पुरतं सांगत नाही. "काका, याच्यात दोन कार्डं आहेत, एक बारकं न् एक मोठं. गेमसाठी एक नंबर," एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवायला निघून गेला. उरलेलं मी माझ्या डोक्याने पुरं केलं आणि तिथेच घात झाला.

माझं डोकं रेल्वेत घडलेलं आहे. मी ड्रायव्हर होतो. हल्ली लोको पायलट म्हणतात. माझ्या निवृत्तीच्या जरा आधी ते नाव आलं, म्हणजे मला त्याचा उपयोग शून्य. त्यातही मी बँकरवर. याचा बँकेशी काही संबंध नाही. हे मला लग्नाच्या वेळी सासऱ्यांना समजावून सांगावं लागलं होतं आणि त्यांचा उतरलेला चेहरा मी अजून विसरलेलो नाही. कर्जतहून घाट चढायचा तर पुढच्या इंजिनाला एकट्याने गाडी झेपत नाही. म्हणून मागे आणखी इंजिनं लावतात आणि ती मागून ढकलत गाडी लोणावळ्यापर्यंत आणतात. त्या मागच्या इंजिनांना बँकर म्हणतात. लोणावळ्याला बँकर सुटतो, गाडी पुण्याकडे जाते आणि आम्ही रिकामे परत खाली. उभी हयात घाटात गेली आणि चढताना समोर काय बघितलं, तर शेवटच्या डब्याची पाठ. दरी, धबधबे, ते सगळं पुढच्यासाठी.

तेव्हा एका यंत्रात दोन कार्डं आहेत म्हटल्यावर मी काय समजणार? दोन्ही एकदम जोर लावत असणार. एक ओढतंय, एक ढकलतंय. मला त्या लॅपटॉपबद्दल एकदम आपुलकीच वाटली, गाढवासारखी.

आता या वयात मला गेम कशाला, असं तुम्ही विचाराल. आमच्या हिने विचारलंच. कारण माझी नात, प्रतीक्षा. चौथीत आहे. तिच्या वर्गात शेजारच्या सोपानरावांचा नातू आहे, समर्थ. सोपानराव म्हणजे मेल-एक्सप्रेसचे ड्रायव्हर, कायम पुढच्या इंजिनात. त्या समर्थने भर वर्गात सांगितलं, "हिचे आबा गाडी चालवायचे नाहीत. मागून ढकलायचे." झालं! मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या पाठीला हात लावून 'नथू आबा, नथू आबा' करत मैदानभर पळाली. प्रतीक्षा घरी आली ती दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आबा, तुम्ही गाडी चालवली की ढकलली?"

"एकच गं ते."

"एकच नाही," ती म्हणाली, आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात शाळेत 'माझे कुटुंब' असं चित्र काढायचं होतं. आमचं सगळं घर तिने काढलं, छान काढलं. मी एका काचेच्या मागे बसलेलो, पुढ्यात नोटांची चळत. विचारलं तर म्हणते, "मी सांगितलंय, माझे आबा बँकेत होते." माझी नोकरी माझ्या नातीला लपवावी लागते. गिळा आता!

त्याच सुमारास शाळेने आजी-आजोबा दिवस जाहीर केला. आजोबांनी येऊन आपलं काम मुलांना दाखवायचं. मी ठरवलं, पोरीला घाट दाखवायचा. पुढच्या इंजिनातून, काचेसमोर बसून, सगळ्या वर्गासमोर. माझ्या मुलाने, गौरवने, रेल्वे चालवायचा एक गेम शोधून दिला. कुणा हौशी माणसाने त्यात आपला कर्जत-लोणावळा घाट हुबेहूब उभा केलाय, बोगद्यांसकट. "पण बाबा, त्याला दणकट लॅपटॉप लागेल," गौरव म्हणाला. मी अमृतच्या दुकानात गेलो. प्रतीक्षाला सांगून टाकलं, तुझे आबा पुढच्या इंजिनात बसून घाट चढवणार. तिने ते दुसऱ्याच दिवशी वर्गात जाहीर केलं. आता मागे फिरायची सोय उरली नाही.

लॅपटॉप घरी आला. हिने हळद-कुंकू काढलं, मी म्हटलं ठेव ते, चार्जिंगच्या भोकात जाईल. गेम चालू केला. गेममध्ये कोपऱ्यात एक आकडा दिसतो. सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात, त्याचा. साठ असली तर गाडी पाण्यासारखी चालते. आमचा आकडा होता अकरा. गाडी कर्जतहून निघाली ती कुणी लग्नाचा अल्बम उलटावा तशी. एक खांब. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा खांब.

"आवं, ही गाडी चालतीय का फोटो काढून घ्यायला थांबतीय?" ही म्हणाली.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा. मराठीसाठी काय दाबायचं ते सांगितलं नाही. बराच वेळ सनई ऐकवल्यावर एक पोरगा आला. मी त्याला म्हटलं, माझी दोन कार्डं एकत्र जोर लावत नाहीत. तो म्हणाला, "सर, दोनों एक साथ काम नहीं करते. एक टाइम पे एक ही. यह फॉल्ट नहीं है, फीचर है."

मी म्हटलं, बाबा रे, आमच्या रेल्वेत दोन इंजिनं लावली आणि त्यातलं एक बंद राहिलं, तर चौकशी लागते. दोघांची जबानी होते. तो म्हणाला, "आपका फीडबॅक नोट कर लिया है." त्यानंतर मला मेसेज आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? मी एक दिला. लगेच दुसरा मेसेज आला, धन्यवाद, आम्हाला आनंद झाला.

ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. सोपानराव कुंपणापाशी आले. ते माझ्याशी कायम कुंपणापलीकडून बोलतात. दोन्ही हात कठड्यावर ठेवून, इंजिनाच्या खिडकीतून बोलल्यासारखे.

"नथूभाऊ, म्या काय म्हन्तो, दोन कार्डं पायजेत कशाला? पुढचं दमदार आसलं का मागचं लागतच न्हाई."

"तुमची गाडी घाट कुणाच्या जिवावर चढायची, सोपानराव?"

"चढायची की! हात होता ना आपला तिच्यावर," म्हणाले आणि स्वतःच्या तळहाताकडे कौतुकाने बघत आत गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण शेजार आहे, रोजचं तोंड बघायचंय.

संध्याकाळी आमचा जानू आला. हा माझा चुलतभाऊ, मळवलीला एका पुणेकराचा बंगला सांभाळतो. "जयभीम, भाऊ," म्हणत चप्पल काढली आणि थेट लॅपटॉपवर हात ठेवला. "तापलंय की वो हे! आमच्या मालकाचं पोरगं गेम खेळताना खाली फ्रीजमदली मटारची पिशवी ठेवतंय. लय पळतंय मग." मी ऐकलं. माणूस अडला की कुणाचंही ऐकतो. मटारवर लॅपटॉप ठेवला. आकडा अकराचा बारा झाला आणि आमचा टेबलक्लॉथ भिजला. त्या रात्री जेवायला मटारची उसळ होती, दुसऱ्या दिवशी डब्यालाही तीच. गौरवने डबा तसाच परत आणला.

शेवटी परत अमृत. त्याने दोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "काका, गेम बारक्यावर चालत होता. मोठं झोपलं होतं तुमचं." कुठल्याशा पानावर जाऊन त्याने गेमला मोठं कार्ड लावून दिलं, लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घुं घुं करायला लागला, आणि आकडा पन्नासच्या वर गेला! घाट उलगडला हो समोर. कातळ, बोगद्याचं तोंड, खाली दरीत धुकं. मी आयुष्यभर जे शेपटाकडून ऐकलं, ते पहिल्यांदा तोंडाकडून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पण मी पडलो रेल्वेचा. मला मीटर बघायची खोड. लॅपटॉपमध्ये कुठलं कार्ड किती राबतंय ते दाखवणारं एक पान असतं. त्यात मोठं जिवापाड राबतंय आणि बारकंही थोडंथोडं हलतंय.

"हे मदत करतंय का त्याला?" मी अमृतला विचारलं.

"नाही काका. चित्र मोठं काढतं. बारकं फक्त ते घेऊन पडद्यावर पोचवतं. त्यात थोडा स्पीड जातो, काय करणार."

"मग काढून टाक ना त्याला मधून."

"तसं नाही काढता येत. या मॉडेलला पडदाच बारक्याला जोडलेला असतो. हात नका लावू त्याला," एवढं सांगून तो पेनड्राइव्ह विकायला गेला. पुन्हा अर्धंच.

त्या दिवसापासून ते बारकं कार्ड माझ्या डोक्यात बसलं. काम करतोय मोठा आणि हा मधल्या मध्ये वेग खातोय! ना ओढतोय, ना काही. नुसती ने-आण. रोज सकाळी चहाच्या आधी मी ते पान उघडून बघायचो, आज किती खाल्लं याने. "ऐतखाऊ," मी म्हणायचो. ही म्हणायची, "कुनाला?"

गेममध्ये आणखी एक गोची निघाली. त्या हौशी माणसाने बोगदे केले, सिग्नल केले, माकडंसुद्धा केली. बँकर जोडायची सोय नाही केली. त्याच्या डोक्यातच आलं नसणार. पूर्ण गाडी घेऊन निघालं की पुढचं इंजिन अर्ध्या घाटात जागच्या जागी चाकं फिरवत बसायचं. मग मी निम्मे डबे काढून टाकले. आता चढायला लागली. ही मागे उभी राहून बघत होती.

"त्या काढलेल्या डब्यातली लोकं कुटं गेली?"

"अगं, गेम आहे हा."

"आसंल. पन कुटं गेली?"

मी गाडी पुन्हा कर्जतहून सोडली. बायकांना तांत्रिक गोष्टी समजावणं कठीण असतं, असं मी मनाला सांगितलं.

शाळेचं वेगळंच. अनघा मॅडम, प्रतीक्षाच्या वर्गशिक्षिका, म्हणाल्या, गेम शाळेत आणायला बंदी आहे. मी म्हटलं, यात रेल्वे आहे. त्या म्हणाल्या, मग त्याला गेम म्हणू नका, शैक्षणिक साधन म्हणा, आणि तसा अर्ज द्या. अर्ज दिला. मग कळलं, विजेवर चालणारी वस्तू आणायला मुख्याध्यापिकांची वेगळी सही लागते, आणि मुख्याध्यापिका शिरगावच्या प्रतिशिर्डीला साईबाबांच्या दर्शनाला गेल्यात. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या आल्या होत्या, पण शिक्का ज्या कपाटात होता त्याची किल्ली घेऊन शिपाई गेला होता. तिसऱ्या खेपेला एकदाचा शिक्का बसला. सोपानरावांना काही लागलं नाही. ते नुसतं तोंड घेऊन येणार होते.

तो दिवस उजाडला. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. सोपानराव काळा कोट आणि छातीवर कसलंतरी पदक लावून पहिल्या खुर्चीत. प्रतीक्षा पुढच्या रांगेत, दोन्ही वेण्यांना रिबिनी. तिने समर्थकडे मान वळवून असं काही बघितलं, की आता बघच.

प्रोजेक्टर जोडला. भिंतीवर कर्जत स्टेशन आलं. पोरं "ओऽऽ" म्हणाली. मी गाडी सोडली. थोडा वेळ सगळं झकास. आणि मग शाळेच्या भिंतीतला तो ढिला प्लग सुटला, लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि मोठ्या कार्डाने एकदम अंग चोरलं. बॅटरीवर ते पुरतं राबतच नाही; हेही अमृतने सांगितलेलं नव्हतं. त्यात प्रोजेक्टरचं जादा ओझं. आकडा बदाबदा खाली आला. गाडी बोगद्याच्या तोंडाशी थबकली, एक आचका दिला, परत थबकली.

शिपाई प्लगमध्ये कागदाची घडी कोंबायला लागला. आणि मागच्या बाकावरून समर्थचा आवाज आला, "आबा, ढकला!"

मग काय, सगळा वर्ग. "ढकला! ढकला!" टाळ्यांच्या तालावर. अनघा मॅडम "शू, शू" करत होत्या, पण त्यांचेही ओठ दाबलेले होते. मी प्रतीक्षाकडे बघितलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. माझं डोकं फिरलं होतं आणि मला एकच दिसत होतं, ते बारकं, मधलं, वेग खाणारं. याच्यामुळे! मी ते पान उघडलं जिथे दोघांची नावं एकाखाली एक असतात. बारक्यावर बटण दाबलं. 'डिसेबल'. त्याने मला विचारलं, खरंच बंद करायचं का? सभ्यपणे विचारलं. मी म्हटलं, येस.

लॅपटॉप काळा झाला. मग ढोबळ अक्षरांचं, फुगलेलं काहीतरी क्षणभर आलं, गेम नाहीसा झाला, आणि भिंतीवर निळ्या रंगात दोन शब्द राहिले, 'नो सिग्नल'. मोठं कार्ड आत शाबूत होतं. त्याचा पंखा घुं घुं करत होता. त्याने काढलेलं चित्र पडद्यापर्यंत आणायला आता कुणी नव्हतं, एवढंच.

मी तिथे वाकलेलो होतो, बोटं कळफलकावर, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तीस-एक वर्षं मी ज्याच्यासाठी मनात कुढलो, ते मी स्वतः केलं होतं. मागचा आहे, दिसत नाही, तर काढा त्याला. सोपानरावांनी तरी आणखी काय केलं होतं?

"आजोबांचा लॅपटॉप चालू होईपर्यंत सोपान आजोबा आपल्याला गोष्ट सांगतील," अनघा मॅडम म्हणाल्या.

सोपानराव उठले. गडी बोलतो झकास, हे कबूल केलं पाहिजे. कर्जतचा फलाट उभा केला, वडापाववाले उभे केले, गार्डाचा हिरवा झेंडा उभा केला. मग तोंडात दोन बोटं घालून त्यांनी शिट्टी मारली. लांब, खणखणीत. आणि थांबले.

ते का थांबले ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. घाटात गाडी निघताना पुढचा शिट्टी देतो आणि मागचा बँकर तशीच शिट्टी परत देतो. ती ऐकल्याशिवाय पुढचा गाडी हलवत नाही. सोपानराव इतक्या वर्षांच्या सवयीने थांबले होते. मला नुसतं तोंडाने उत्तर द्यायचं होतं. येतं मला. अजून येतं. पण मी निम्मे डबे टाकून, मागचं इंजिन गाळून, पुढचा होऊन मिरवायला आलो होतो. आता कुठल्या तोंडाने मागून शिट्टी देऊ? मी खाली वाकून वायर शोधल्यासारखं केलं.

वाट बघून सोपानराव पुढे गेले. "...आन् आलं लोणावळा!" म्हणाले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात प्रतीक्षाने हात वर केला. "सोपान आजोबा, माझे आबा कुठे होते?"

सोपानरावांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "आसतील की बाळा," ते म्हणाले, "मागं कुटंतरी."

खोडसाळपणे बोलले असते तर मी भांडलो असतो. पण ते खोडसाळपणे बोलले नाहीत. मागून शिट्टी येते हे त्यांना माहीत होतं. ती कोण देतं, हे बघायला त्यांनी कधी मान वळवली नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

कार्यक्रम संपला. चहा-बिस्कीट होतं, मी घेतलं नाही. लॅपटॉपची बॅग खांद्याला, प्रतीक्षाचं दप्तर हातात, आम्ही स्टेशनच्या रस्त्याने निघालो. तिच्या एका वेणीची रिबीन सुटून लोंबत होती. मी बांधायला गेलो तर तिने डोकं बाजूला केलं.

बराच पुढे गेल्यावर ती म्हणाली, "मी मुद्दाम विचारलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"बाळा, लॅपटॉप बंद पडला होता ना."

ती थांबली. माझ्या हातातलं दप्तर तिने ओढून घेतलं आणि स्वतःच्या पाठीवर अडकवलं.

"लॅपटॉप बंद पडला होता," ती म्हणाली. "तुम्ही थोडेच बंद पडला होतात?"

आणि ती पुढे चालायला लागली. मी तिच्या मागे.